पोचलेला निरोप

मनकर्णा सिस्टर चिखलदऱ्यापलीकडच्या उपकेंद्रात बावीस वर्षं बाळंतपणं करत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकाच माणसाशी बोलणं टाकलं होतं, ते म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पुंजाराम. दोन वर्षांपूर्वी एका अडलेल्या बाईसाठी सिस्टरांनी मोबाइलवरून गाडी मागवली. पडद्यावरचं चक्र फिरतच राहिलं, 'पोचलं' असं काही आलं नाही. शेवटी बाईला जीपमध्ये घातलं आणि दुसऱ्या रस्त्याने घाट उतरला. पोरगं वाटेतच जन्मलं, दोघं वाचली हे नशीब. नंतर पुंजाराम सांगू लागला की निरोप आला होता, मी आलो होतो, केंद्राला कुलूप होतं. सिस्टरांनी भर मीटिंगमध्ये त्याला खोटारडा म्हटलं. गेलाच नाही तो निरोप याला मिळाला कसा?

आज त्या अकोल्यात दामिनीसमोर बसल्या होत्या. गाडी मागवायचं ते ॲप दुरुस्त करायचं काम या पोरीकडे आलं होतं. टेबलावर दोन लॅपटॉप, एक केंद्राचा, एक गाडी सुटते त्या दवाखान्याचा, आणि मधे दोन्हींना वायरीने जोडलेला एक जुनाट कॉम्प्युटर. त्यात फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते इकडचा निरोप तिकडे जाताना मुद्दाम रखडवायचं आणि मधूनच एखादा गिळूनही टाकायचं.

"आमी नेटसाठी टेकडीवर चढून राहिलो," सिस्टर म्हणाल्या, "अन् तू चांगलं नेट बिघडवून राहिली?"

"तुमच्यासारखं बिघडल्याशिवाय मले चूक दिसत नाई, सिस्टर. किती हळू, ते तुमीच सांगा."

आकडे सिस्टरांना कुठले ठाऊक? "चाय उकळते, गाळून होते, तवा कुठं ते चक्र थांबते."

दामिनीने तेवढं केलं.

"नाई, असं एकसारखं नाई. मधात गप होते, मंग भसकन येते."

दामिनी आकडे बदलत गेली. चौथ्या खेपेला सिस्टरांचे हात आपसूक लॅपटॉप उचलून खिडकीकडे न्यायला निघाले, केंद्रात मोबाइल न्यायचे तसे. त्या थबकल्या. पायथ्याच्या परतवाड्यापासूनचा अख्खा घाट, ते ढग, ते डोंगर, सगळं या हातभर वायरीत येऊन बसलं होतं.

"हेच," त्या हळूच म्हणाल्या. "हे आमचंच हाय."

मग गाडीचा निरोप टाकला. चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटांनी सिस्टरांनी मान हलवली. "पाह्य. गेला नाई."

दामिनीने दुसरा लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. निरोप तिथे होता, पहिल्याच मिनिटाला आलेला.

"गेला, सिस्टर. तिकून 'पोचलं' म्हणून निघालेलं उत्तर वाटेत गळालं."

बावीस वर्षांत सिस्टरांनी पलीकडचं टोक कधी पाहिलं नव्हतं. इकडे चक्र अजून फिरतच होतं आणि तिकडे केव्हाच कोणीतरी ऐकलं होतं. देवळात उभं राहावं तशा त्या दोन पडद्यांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. पुन्हा टाकायला लावलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा तसंच झालं.

मग त्या खाली बसल्या आणि मोबाइल काढला. पुंजारामचा नंबर त्यांनी पुसला नव्हता.

"पुंजाराम, मी मनकर्णा बोलून राहिली. त्या दिवशी तू आला होता. मले आज समजलं."

पलीकडून काहीच आवाज नाही. लाइन गेली काय, असं सिस्टरांनी नजरेनेच विचारलं. दामिनीने वाकून मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. रेंज पूर्ण होती, कॉल चालू होता.

सिस्टर फोन कानाला लावून थांबल्या. पलीकडचं माणूस ऐकून राहिलं आहे, हे या खेपेला त्यांना ठाऊक होतं.