आर्लिसचे जड बाण

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून आर्लिसला धनुष्य जेमतेम चाळीस पौंडांच्या ताणाने ओढता यायचं. पूर्वी ती साठ सहज ओढायची. मोन्टानातल्या आमच्या गावात ती स्कूलबस चालवते आणि दर सप्टेंबरात एल्कच्या मागे डोंगरात जाते. घोड्याएवढं हरीण ते.

"यंदा तू तंबू सांभाळ," तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन म्हणाला. "चाळीस पौंडांत त्याला नुसत्या गुदगुल्या होतील."

"होऊ देत. हसतं का बघू," आर्लिस म्हणाली.

व्हर्लिनचे बाण हलके आणि सुसाट. त्यांच्या टोकाची पाती मिटलेली असायची, अंगात शिरताना छत्रीसारखी उघडायची. त्या उघडण्यात जोर खर्च होतो, पण सत्तर पौंड ओढणाऱ्याला ते परवडतं. आर्लिसकडे उधळायला जोर नव्हता. तिने जड बाण घेतले, टोकाकडे आणखी वजन घातलं आणि दोन धारांचं साधं, अरुंद पातं बसवलं. बाण सावकाश जायचा, पण रेटा टिकायचा. सरावाच्या फोमच्या ठोकळ्यात तो जुन्या बाणापेक्षा चार बोटं जास्त रुतायचा. लांबवर मात्र खाली पडायचा. म्हणून वीस यार्डांपलीकडे मारायचं नाही, असं तिने ठरवलं.

मी सोबत होतो, मादीचा आवाज काढायला. एका सकाळी मोठा नर माझ्या आवाजावर आला आणि आर्लिससमोर चाळीस यार्डांवर आडवा उभा राहिला. तिने धनुष्य उचललंच नाही. तो पुढे व्हर्लिनकडे गेला. व्हर्लिनने बाण सोडला आणि नेमकं तेव्हाच नराने पाऊल टाकलं. खट्ट आवाज आला. खांद्याच्या हाडावर बाण अडला, दोन बोटंही आत गेला नाही, आणि नर पळाला तसा गळून पडला.

दुपारपर्यंत आम्ही माग काढला. रक्ताचे थेंब विरळ होत संपले. मग समोरच्या उतारावर तो कळपाबरोबर लंगडत जाताना दिसला.

"जगेल तो," मी म्हणालो.

"जगेल रे. पण लंगडा केला मी," व्हर्लिन म्हणाला.

आठवडा संपता संपता एक मादी आर्लिसच्या अगदी जवळ आली. बाण खांद्यामागे, बरगड्यांतून आरपार गेला आणि पलीकडे मातीत रुतला. मादी थोडी चालली, थांबली, खाली बसली.

व्हर्लिनने बाण उपटून गवताला पुसला. "बरगड्यांत माझाही आरपार गेला असता."

"गेला असता," आर्लिस म्हणाली. "आणि त्या हाडावर माझाही अडला असता कदाचित. मला जवळूनच मारणं भाग आहे."

तिचा खांदा ठणकत होता, म्हणून मांस आम्ही दोघांनीच खाली आणलं. दुसऱ्या दिवशी व्हर्लिन दुर्बीण घेऊन एकटाच त्या उतारावर गेला. संध्याकाळी परतला. नर दिसला नाही म्हणाला.