त-वाली गेर्डा

मित्रांनो, मी एक जुना, ओकच्या लाकडाचा खण आहे. वाचनालयाच्या कोपऱ्यात तुम्ही मला उगाच ओढता-ढकलता. एकदा तसल्याच ओढाताणीत माझ्या हातून एक चूक झाली, तीच आज तुम्हाला सांगतो.

पूर्वी मी आमच्या डॅनिश गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो. इथे निम्मे लोक पेदरसन आणि उरलेले पेतरसन. माझ्या पुढच्या भागात द-वाले, मागच्या भागात त-वाले. कारकून आस्टाबाई प्रत्येकाची माहिती जिवंतपणीच एकेका कार्डावर लिहून ठेवायच्या. माणूस गेला की त्यावरून मृत्युलेख छापला जाई. "आस्टाच्या खणाला सगळं ठाऊक," असे लोक म्हणत. मी फार फुशारून जाई.

एका ओल्या शरद ऋतूत मी फुगलो आणि अडकू लागलो. आस्टाबाईंनी सुतार मागितला. "पुढच्या महिन्यात बघू," संपादक म्हणाले. दुसऱ्याच दिवशी संपादकांनीच मला घाईत हिसका दिला. कार्डे जमिनीवर उधळली आणि तशीच भराभर परत कोंबली गेली. त्यात दोन गेर्डांच्या कार्डांची अदलाबदल झाली, एक पेदरसन आणि एक पेतरसन.

त्याच आठवड्यात गेर्डा पेतरसन वारली. तिने एकतीस वर्षे बेटावरच्या नऊ घरांचे टपाल होडी वल्हवत पोचवले होते. छापून मात्र आले की, तिच्या कोंबड्यांनी प्रदर्शनात बक्षिसे मिळवली.

तिचा नवरा होल्गर, दोरखंड वळणारा, टोपीसुद्धा न काढता आत आला.

"अहो, कोंबडी दिसली तर रस्ता ओलांडायची माझी गेर्डा!"

पाठोपाठ कोंबड्यांवाली गेर्डा पेदरसन आली. "माझं सगळं छापून टाकलंत," ती हसत म्हणाली, "आता मी मेल्यावर काय छापाल?"

वर्तमानपत्राने दोन ओळींची दुरुस्ती दिली. होल्गरने ती वाचून विचारले, "कोंबड्या काढल्यात, पण होडी कुठे घातलीत?"

"एका माणसावर दोनदा मृत्युलेख छापत नाही आपण, होल्गर," संपादक म्हणाले.

तरी दर शरदात तो येई. आस्टाबाई कॉफी देत, पण त्याच्याकडे बघत नसत. मलाही बघवत नसे. मी फुगलो नसतो तर! आठ वर्षे तो रिकाम्या हाताने परत गेला.

मग होल्गरच वारला. आस्टाबाईंनी त्याचे कार्ड काढले, त्याच्या शेजारी गेर्डाचे ठेवले आणि लिहायला बसल्या. अर्धी ओळ दोरखंडांवर आणि बाकी सगळा लेख म्हणजे होडी, गोठलेली खाडी, ओली पत्रे छातीशी धरून आणणारी त्याची बायको.

संपादकांनी चष्मा वर सरकवला. "हा लेख कुणावर आहे, आस्टा?"

"पेतरसनवर," त्या म्हणाल्या. "त-वाल्या."

त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला. लेख तसाच छापून आला.

पुढे सुतार आला, मला रंधा मारून गेला. आता मी एका बोटाने उघडतो. मित्रांनो, खण अडला तर त्याला हिसका देऊ नका, थोडे मेण लावा. आणि कुणाचे नाव लिहाल तर एक अक्षर पुन्हा बघा. आमच्या गावाने तो लेख कापून घरोघरी जपून ठेवला. तो वाचायला होल्गर तेवढा नव्हता.