गाभाऱ्याचा पडदा

बेलवलीच्या देवळाच्या गाभाऱ्याचं नवं दार जुन्याच्या दुप्पट उंच, दुप्पट रुंद झालं. "पडदा माझ्या एकटीचा!" असं सखूने मागच्या कीर्तनात सगळ्यांसमोर बोलून टाकलं आणि उल्हासनगरहून कापड, किनार दोन्ही दुप्पट आणली. किनार चारी बाजूंना नेमकी पुरली. कापडाने मात्र अर्धंच दार झाकलं.

"आई, उंचीपण दुप्पट, रुंदीपण दुप्पट, मग जुन्या चार पडद्यांएवढं कापड नको?" सून करिष्मा म्हणाली. "माझी हिरवी साडी जोडा ना."

"एकटीचा बोललेय मी!"

बाहेर मृदंगावर थाप पडली. देव अर्धा उघडाच. सखूला पुढेही जाता येईना, मागेही. शेवटी मान खाली घालून तिने साडीसाठी हात पुढे केला.