दुकानाने सुधारलेली कॉन्सर्टिना

खेथोने पिशवीतून कॉन्सर्टिना, ती दोन्ही हातांत धरून भाता ओढत-दाबत वाजवायची छोटी पेटी, काढून आईच्या मांडीवर ठेवली. "घे. भाता नवा कोरा करून आणलाय. डरबनमधलं सगळ्यात चांगलं दुकान!"

माखोझाने दोन्ही पट्ट्यांत हात सरकवले. भाता झकास झाला होता, कुठे हवा फुसफुसत नव्हती. गाण्याआधी घ्यायची ती भरभर सुरांची फेक तिने घेतली आणि मध्येच थांबली. पुन्हा घेतली. बोटं नेहमीच्याच बटणांवर होती, पण बाहेर पडत होतं ते कुणा परक्याच्या घरचं.

"हिच्या पोटात कुणी हात घातला?"

"दुकानदाराने. आतल्या सुरांच्या सात पत्त्या भलत्याच जागी होत्या म्हणे. त्याने आपणहून बरोबर लावल्या. उलट मला विचारत होता, तुमची आई इतकी वर्षं अशी वाजवत कशी होती?"

"अशीच वाजवत होते! तुझ्या बापाने लावली होती तशी!"

डरबनपासून दूर, म्सिंगाच्या टेकड्यांत नवी कॉन्सर्टिना घरी आली की आधी तिचे स्क्रू काढत. कारखान्यातून येते तशी ठेवली तर इथलं गाणं तिच्यात मावत नाही. म्हणून मेण सैल करून आतल्या सुरांच्या पत्त्या इकडच्या तिकडे बसवायच्या. माखोझाच्या नवऱ्याचा त्यात हात बसलेला होता. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. कुठली पत्ती कुठे, हे त्याने कधी सांगितलं नाही, हिने कधी विचारलं नाही. बोटांना ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं.

आज गुरुवार. शनिवारी पहाटे थोलाकेले, तिची एकुलती एक लेक, सासरी निघणार होती. घर सोडणाऱ्या मुलीने मागे वळून पाहायचं नसतं. ब्लँकेट पांघरून, मान खाली घालून, गुरांच्या कुंपणाला वळसा घेऊन फाटकाबाहेर पडायचं. लहानपणी तिला पाठीला बांधून पाण्याला जाताना माखोझा जी चाल वाजवायची, तीच तेव्हा मागून वाजणार होती. "तू दिसणार नाहीस आई, पण ऐकू तर येशील," थोलाकेले म्हणाली होती.

"परत नेऊ का दुकानात?" खेथोने विचारलं.

"आणि शनिवारी मी काय वाजवू? पातेलं?"

तो दिवस तिने एकटीने झगडण्यात घालवला. चाल गुणगुणायची, सूर शोधायचा, सापडला असं वाटेपर्यंत गळा दुसरीकडेच गेलेला असायचा. त्यात भाता दाबताना एक सूर, ओढताना दुसरा. संध्याकाळी तिने कॉन्सर्टिना चटईवर आपटायला उचलली, आणि हळूच खाली ठेवली. मग तिला शेजारचा म्हातारा म्बाथा आठवला, आणि आणखीच राग आला.

म्बाथाच्या शेळ्यांनी तिचे भोपळे खाल्ल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. पण त्याची कॉन्सर्टिनाही तिच्या नवऱ्यानेच लावलेली होती.

शुक्रवारी सकाळी ती पोचली तेव्हा म्हातारा वाजवतच निघाला होता. नदीपलीकडच्या एका लग्नात त्याला बोलावणं होतं.

"अहो बाबा, थांबा जरा. मला तुमचं एकेक बटण ऐकवा."

"कोण, माखोझा? भोपळे आलेत का यंदा?"

"बटण, बाबा!"

"एकेक बटण?" त्याने बोटांकडे पाहिलं. "ही माझी बोटं एकटी हिंडत नाहीत, बाई. कळपाने चालतात."

"मग चाल तरी वाजवा. हळू. इथे बसून."

तो दगडावर बसला, दोन सूर काढले आणि अडला. "बसून येत नाही. साठ वर्षांत कधी बसून वाजवलेलं नाही. पाय थांबले की हातही थांबतात."

"देवा!" माखोझाने कपाळाला हात लावला.

शेवटी तो वाजवत पुढे आणि ती मागे. पायवाट उतरणीची, काटेरी झुडपांची. चालीत जागा बदललेला सूर आला की तो आपल्या कॉन्सर्टिनावर आता कुठल्या बटणात आहे ते ती शोधायची, आणि तिथे व बोट जिथे जातं तिथे चाकूने सारखीच खूण ओरखडायची. तोवर म्हातारा वळणापलीकडे.

"बाबा, परत घ्या ते!"

"कुठलं?"

"मघाचंच!"

"मघाचं मागे राहिलं की!" तो खो खो हसला आणि चाल पहिल्यापासून सुरू केली.

पुलापाशी सातव्या सुराची खूण झाली. माखोझाचे पाय काट्यांनी ओरबाडले होते.

"तुझा नवरा चांगला माणूस होता," म्बाथा पूल चढताना म्हणाला. "शेळ्या मात्र माझ्या नव्हत्या हं."

"तुमच्याच होत्या!"

घरी येऊन तिने चाकू चुलीत तापवला. मेण सैल करून एकेक पत्ती उचलायची, तशीच खूण असलेल्या दुसऱ्या बटणाखाली बसवायची, गार होऊ द्यायची. सहा बसल्या. सातवीला चाकू सटकला आणि नखाएवढी पितळी जीभ तुटून चुलीच्या राखेत पडली. ते बटण आता मुकंच राहणार होतं. खेथो दारात आला होता, तो आल्या पावली मागे फिरला.

शनिवारी पहाटे ब्लँकेटात गुंडाळलेली थोलाकेले निघाली, आणि मागे माखोझाने फेक घेतली. बरोबर आली! चाल सुरू झाली, पावलं पडू लागली. मग ते बटण आलं. नुसती हवा सुटली.

थोलाकेलेचं पाऊल अडलं. ब्लँकेटाखाली मान किंचित वळल्यासारखी झाली.

पुढच्या वेळी ते बटण आलं तेव्हा माखोझाने त्या जागी आवाज टाकला, सुरात पण रागाने: "चाल, बाई!"

मान सरळ झाली. थोलाकेले चालू लागली. त्यानंतर कुंपणाला वळसा पडेपर्यंत ते बटण अकरा वेळा आलं आणि अकराही वेळा माखोझा ओरडली. शेवटीशेवटी तिचा आवाज चिरकला, सूरही धड लागेना. फाटकाबाहेर थोलाकेले दिसेनाशी झाली तरी ती वाजवत उभी राहिली.

खेथो जवळ आला. "आई, सोमवारी मी दुकानात जाऊन ती पत्ती..."

माखोझाने कॉन्सर्टिना छातीशी धरली.

"हात लावून तर बघ."