परत न गेलेली भांडी

कुमुदच्या घराला पोट सुटलं, ते स्वयंपाकघर आणि मुलीची खोली यांच्या मधोमध. आधी तिथे चार पावलांचं बोळकांडं होतं. आता फुगीर भिंतींची एक खोली झाली होती, आणि ती ओलांडेपर्यंत चहाला आधण यायचं.

यात नवल ते कसलं? भांडी काय थोडी होती? आठ वर्षांची शाल्मली अंथरुणाला खिळल्यापासून आळीतली प्रत्येक बाई तिच्यासाठी काही ना काही पाठवत होती. सिंधूकाकूंच्या शिऱ्याच्या वाट्या, जुलेखाभाभींचे खिरीचे डबे. आता शेजारचं भांडं रिकामं कसं धाडायचं? आपल्या हातचं काहीतरी घालूनच ते परत करायचं, ही कुमुदच्या सासूबाईंची शिस्त. पण मुलीचं करता करता कुमुदला सवड कुठली? चिमूटभर साखरेवर भागलं असतं, पण तिचा मानीपणा आडवा आला. भांडी राहिली ती राहिलीच, त्या बोळकांडात साठत.

डॉक्टर घरी आले तेव्हा ती खोली ओलांडताना वाटेत दोनदा टेकले. मुलीच्या मेंदूतल्या पेशींचंही हेच झालंय, असं त्यांनी सांगितलं. जे मोडून बाहेर जायचं ते आतच साठतंय, पेशी फुगतायत, त्यांना नको तिथे फांद्या फुटून त्या भलत्याच पेशींना जोडल्या जातायत.

"मग निरोप चुकतात, वहिनी," चपला घालताना ते म्हणाले.

तसंच झालं. फुगीर खोलीला दारं फुटली. एक उघडलं सिंधूकाकूंच्या ओट्यापाशी, एक थेट भाभींच्या परसात. शाल्मलीने "आई" म्हटलं की हाक त्या दारांनी बाहेर जायची, स्वयंपाकघरात काही पोचायची नाही. काकू पदराला हात पुसत यायच्या, भाभी यायच्या, वेण्या घालायच्या, गोष्टी सांगायच्या. पोरगी कधी नव्हे ती खुशीत होती. कुमुदलाही बरं वाटायचं, अगदी मनापासून. पण लेकीची हाक ऐकून अडीच महिने झाले होते, आणि त्या एका हाकेसाठी तिचा जीव तुटायचा.

एकदा तिने काकूंची एक वाटी साखर भरून परत न्यायला उचलली. तशी काकूंचं दार वीतभर आक्रसलं, आणि आतून शाल्मलीचं मुसमुसणं ऐकू आलं. कुमुदने वाटी होती तिथे ठेवली. दार पुन्हा पुरतं उघडलं.

मग हाक जाते तिथेच जाऊन उभं राहावं, असं तिने ठरवलं. गुरुवारी सकाळी ती रस्त्याने वळसा घालून सिंधूकाकूंकडे गेली, त्यांच्याच ओट्यावर रवा भाजला, त्यांच्याच वाटीत शिरा काढला आणि दारापाशी थांबली. थोड्या वेळाने हाक आली. "आई." स्पष्ट, थोडी लाडात. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती आत शिरली.

"या ना काकू," शाल्मली हसून म्हणाली. "आई येतेच आहे."

लेक इतकी मजेत होती की तिची चूक काढायचं कुमुदच्या जिवावर आलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने शिरा भरवला. शाल्मलीने शेवटचा घास चाटूनपुसून खाल्ला आणि वाटी काढून घेतली.

"वाटी राहू दे, काकू. आई भरून देईल."

तेवढ्यात फुगीर खोलीच्या पार पलीकडून, स्वयंपाकघरातून, कुमुदच्याच आवाजात ओ आली, आणि कुमुदच्याच बांगड्या वाजत जवळ येऊ लागल्या.