मायझाडावरचा हात

ट्रकचा भोंगा पुन्हा वाजला, तरी देवाजी वाफ्यातून उठला नाही. उकिडवा बसून तो संत्र्याच्या एकेका कलमाची पानं उलटीपालटी करत होता. एकाला काटा होता. शेजारच्याला नव्हता. तिसऱ्याला होता की नव्हता, कोण जाणे. कोवळ्या कलमाला काटा असायचाच, असं तोच आजवर गिऱ्हाइकांना सांगत आला होता, त्यामुळे काट्यावरूनही काही ठरेना.

घोळ सकाळी चहाच्या वेळी झाला. कामठी रोडवरच्या त्याच्या लहानशा नर्सरीत वाफा इतका भरगच्च कधीच आला नव्हता, आणि देवाजी मेहुण्याचं, लहानूचं, तोंडभर कौतुक करत होता. कौतुकाने फुगलेल्या लहानूने बशीतला चहा फुंकत सांगून टाकलं.

"भाऊजी, हिवाळ्यात तुमी तापानं पडले होते ना, तवा फांदीचे डोळे पुरलेच नाही. मंग मी पानसोटाचेबी बांधले. पाहा, कसे पटकन धरले!"

कलम बांधायचं म्हणजे जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची आणि संत्र्याच्या फांदीवरचा डोळा तिच्यात बसवून घट्ट बांधायचा. डोळा फळत्या फांदीचा हवा. पानसोट हा बुंध्यातून सरळ वर उसळणारा जाड, रसरशीत फुटवा. त्याचे डोळे भराभर मिळतात, रोपही जोमानं वाढतं, पण झाड काटेरी होतं आणि फळाला कधी येईल याचा भरवसा नसतो. गिऱ्हाइकाला हे कळायला पाच-सहा वर्षं जातात. तोवर विकणारा नव्या घराला रंग देऊन मोकळा झालेला असतो.

"कोणते कुठं बांधले?" देवाजीने विचारलं होतं.

"आता कसं सांगू? मिसळले ना सारे."

ट्रक घेऊन आले होते काटोलकडचे आनंदराव गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले होते आणि आता बाग लावायच्या हौसेने पेटले होते. त्यांना माल दिला की शेजारचा तुकडा घ्यायचा, विहिरीवर मोटर बसवायची, असं देवाजी आणि त्याची बायको पंचफुला यांचं ठरलेलं होतं. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात त्या दोघांच्या बोलण्यात दुसरा विषयच नव्हता.

पंचफुला लगबगीने वाफ्याशी आली. "अवो, गुरुजी खोळंबले तिकडं. काहून बसून राहिले?"

"मले काही समजून नाही राहिलं वं."

नर्सरीत एक रिवाज होता. कलमं भरण्याआधी देवाजी गिऱ्हाइकाला मायझाडाखाली नेई. सगळे डोळे त्याच जुन्या झाडाचे. त्याच्या बुंध्यावर हात ठेवून तो म्हणे, "ह्याच झाडाचा डोळा हाय." बस. एवढ्यावर माणसं डोळे मिटून माल नेत.

"मंग ठेवा ना हात," लहानू म्हणाला. "पानसोटबी त्याच झाडाचा हाय. खोटं काय हाय त्याच्यात?"

खरंच, खोटं काय होतं? देवाजी उठला, गुरुजींना घेऊन मायझाडाखाली गेला, हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"गुरुजी, यंदा कलम नाही देत."

"नाही देत? मग समोर हा वाफा काय शोभेले ठेवला का?"

"त्याच्यात पानसोटाचे मिसळले. चांगलं कोणतं, मले ओळखू येत नाही. दोन हिवाळे थांबा, नवे बांधून देतो."

"अरे, माझं वय काय थांबायचं आहे का?" गुरुजी संतापले. "खड्डे खोदून तयार आहेत माझे!"

ट्रक धूळ उडवत दुसऱ्या नर्सरीकडे गेला. देवाजीला वाटलं, धावत जाऊन थांबवावा. पण थांबवून सांगणार काय, हे त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी नवराबायकोने वाफा उपटला. कुंपणाच्या कडेची ओळ आली तेव्हा पंचफुलाने त्याचा हात धरला. "एवढे राहू द्या. पाहू तरी."

लहानू रुसून गेला. त्याने पलीकडे स्वतःची नर्सरी काढली, ती धडाक्यात चालली, आणि लवकरच तो राजदूत फटफटीवरून फिरू लागला. देवाजी बादल्यांनी पाणी घालत राहिला. कुंपणाची झाडं उंच, काटेरी होत गेली. पाच-सहा वर्षं गेली, फळाचा पत्ता नाही. हे पाहून देवाजीला बरं वाटे, आणि बरं वाटतं म्हणून लाजही वाटे.

पुढे एका हिवाळ्यात ती सगळी ओळ फळांनी वाकली. पंचफुलाने एक संत्रं सोलून फोड त्याच्या हातावर ठेवली.

"गोड हाय," तो म्हणाला.

"मंग आपून उपटलं ते?"

"काय मालूम."

त्याच हिवाळ्यात गुरुजींची मुलगी सुमती पुढच्या पावसाळ्यासाठी कलमं सांगून ठेवायला आली. "बाबा मागच्या साली गेले, काका. म्हणत होते, बाग वाढवशील तर ज्यानं मले परत धाडलं, त्याच्याकडूनच कलम आण."

देवाजी गडबडला. तिला कुंपणापाशी नेऊन त्याने एक संत्रं तोडून दिलं. "हे तेच हाय, बाई, तवाचे. पहिल्यांदा धरले. दिले असते तरी चाललं असतं, असं वाटते आता. तुह्या बापाले उगाच दुखवलं म्या."

सुमतीने फोड खाल्ली आणि त्या ओळीकडे बघत राहिली.

"पहिल्यांदा? यंदा?"

"हो."

"मंग बाबाले फळच नसतं भेटलं," ती म्हणाली. "आमच्या बागेचा पहिला बहार त्यांनी आपल्या हातानं तोडला. आंबट निघाला. तरी खाल्ला, आणि गावभर वाटला."

देवाजी मायझाडाकडे चालू लागला, सुमती मागोमाग आली. बुंध्याची ती जागा हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. त्याने हात ठेवला.

"ह्याच झाडाचा डोळा हाय," तो म्हणाला. आणि आजवर कधी न म्हटलेलं पुढे जोडलं, "फळत्या फांदीचा."