शेऱ्याचा रकाना

मंगळवार उजाडला की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आली गं विहिरींची सासू, पाण्याचं उणंदुणं काढायला!" ती हसायची. संशोधन संस्थेत ती साधी प्रयोगशाळेतली मदतनीस. पण अठरा वर्षं, एकेचाळीस विहिरी, तिचा मंगळवार कधी चुकला नाही. पोलादी फितीला खडू फासायचा, फीत कठड्यावरून आत सोडायची. खडू भिजला तिथं पाणी. सोडताना ओठांत ओवी यायची:

फितीला खडू फासिते, सोडिते गं खोल खोल
पाण्यावाणी गं माणूस, राखी आपला दिला बोल

आकडा वहीत, आणि शेजारी शेऱ्याचा रकाना. कुठं गाळ उपसला, कुठं झाड पडलं, सगळं त्यात. विहीर उघडून देणाऱ्या प्रत्येकीला तिनं शब्द दिला होता, "यातून जे निघेल, ते तुम्हालाही बघता येईल."

वह्या तिनं भाच्याला दिल्या. तिचंच बोट धरून खडू फासायला शिकलेला पोर, आता मोठा संशोधक. "मावशी, सगळं जगासमोर उघडं ठेवू. कुणीही घ्यावं, कुणीही पडताळावं," म्हणाला. जणू लेक चांगल्या घरी पडली, असं तिला वाटलं.

आणि एक दिवस लाँड्रीवाल्या आजींनी तिच्यापुढं पालिकेची नोटीस धरली. पंप लावला त्या वर्षी, म्हणजे मोजणीच्या नवव्या वर्षी, विहिरीचं पाणी एका आठवड्यात वीतभर खाली गेलं, असं संशोधन सांगतं. सबब पंपाला गुरुवारी सील.

"अठरा वर्षं तुझ्यासाठी झाकण उघडलं गं," आजी म्हणाल्या, "आणि तू माझ्याच घरावर नांगर फिरवलास?"

तिला लख्ख आठवलं. त्या वर्षी विहिरीत मांजर पडलं, म्हणून गवंड्यानं कठडा वीतभर उंच केला. फीत वीतभर वरून सुटू लागली, आकडा तेवढाच वाढला. पाणी होतं तिथंच होतं. शेऱ्यात तिनं तसं लिहिलं होतं. तेवढं दाखवलं की झालं!

ती संगणकावर बसली. भाच्याचा निबंध होता; आकड्यांच्या जागी एकच ओळ होती: माहिती विनंतीवरून मिळेल. तिनं अर्ज भरला. 'विनंतीचे कारण?' तिनं लिहिलं, 'वह्या माझ्याच आहेत.' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपण मान्यताप्राप्त संशोधक नसल्याने विनंती अमान्य.' खाली भाच्याची सही.

तिनं फोन लावला.

"अगं मावशी, ते उत्तर आपोआप जातं. मनावर नको घेऊस."

"सही तर तुझी आहे. उघडं ठेवणार होतास ना?"

"ठेवणार गं. अजून दोन निबंध निघतील त्यातून. आत्ताच उघडलं तर आयत्या पिठावर दुसरेच रेघोट्या ओढतील."

"आणि तू कुणाच्या पिठावर ओढल्यास रे?"

"मावशी, मला बैठकीला जायचंय," तो म्हणाला.

"शेऱ्याचा रकाना कुठाय?"

"तो काढला. मांजर पडलं, झाड पडलं, त्याचा आलेख कसा काढू? आकडे स्वच्छ करावे लागतात."

"त्या मांजरापायी आजींची लाँड्री बंद पडतेय."

"निबंध छापून झालाय, मावशी. आता चूक कबूल केली तर माझी बढती जाईल."

"मग वह्या तरी दे."

"त्या संस्थेच्या भांडारात. परवानगी लागेल." मग मऊ आवाजात, "तुझे आभार मानलेत की मी, शेवटच्या पानावर."

तिनं फोन ठेवला. परक्यानं कापलं तर रक्त येतं. आपल्यानं कापलं की तेही येत नाही.

मंगळवारी ती आजींच्या विहिरीवर गेली. दोन दगडांच्या सांध्याशी, जुन्या कठड्यावर तिनंच फितीसाठी काढलेली लाल खूण अजून होती. एकदा तिनं नव्या कठड्यावरून फीत सोडली, एकदा जुन्या खुणेवरून. फरक बरोबर एक वीत.

"आजी, भिंतीवर लिहू?"

"लिही बाई. भिंतीला तरी कुलूप नसतं."

रस्त्याकडच्या भिंतीवर तिनं तारीख लिहिली, दोन्ही आकडे लिहिले. मग शेजारी मोठी जागा घेऊन शेरा: 'नवव्या वर्षी कठडा वाढला, पाणी घटलं नाही. कुणीही फीत घेऊन यावं, पडताळावं.' इस्त्रीचे कपडे न्यायला आलेली माणसं थांबून वाचू लागली. एकानं फोटो काढला. "गुरुवारी सील लावायला येईल त्या साहेबाला याच भिंतीपुढं उभा करते," आजी म्हणाल्या.

पिशवीत फोन वाजत होता. भाचाच असणार. खडूनं माखलेले हात तिनं पुसले नाहीत, फोनही काढला नाही. फीत उचलून ती पुढच्या विहिरीकडे निघाली. चाळीस राहिल्या होत्या, आणि दर विहिरीपाशी एक भिंत.

कठड्यावरून फीत सोडताना ओवीची पहिली ओळ ओठांवर आली. दुसरी, दिल्या बोलाची, आली नाही.